३०० जीएसएम म्हणे! कसलं ३००?

कार्डाच्या जाड कागदाच्या पाकिटावर ३०० जीएसएम, म्हणजे कागदाच्या वजनाचा आकडा, छापता ना, मग आत ३००चाच कागद घाला की! एवढी साधी गोष्ट आहे, पण सोलापुरात नवी पेठेत फिरा नाहीतर ऑनलाइन मागवा, सगळीकडे तेच, वर मोठ्या अक्षरात ३०० आणि आत कसलातरी भुसभुशीत कागद. डोकं फिरलंय माझं आज.

मी हाताने ग्रीटिंग कार्ड करते, डाय-कटची फुलं लावून. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं मशिनमध्ये कागद घातला, हँडल फिरवलं, फूल बाहेर. असं नसतं ओ. डाय म्हणजे पातळ स्टीलची चौकट, एका बाजूला धार. ती कागदावर ठेवायची, खालीवर प्लास्टिकच्या प्लेटा, आणि सगळं मिळून रोलरमधून दाबून काढायचं. तो दाब सगळा त्या थराच्या जाडीवर ठरतो. कागद नीट घट्ट असला की पाकळीची कड चाकूनं कापल्यासारखी येते. हा असला कागद घातला की कडेला लव सुटते, आतली बारीक नक्षी अर्धी कापली जाते अर्धी तशीच राहते, मग बसा टाचणी घेऊन एकेक कण उकरत. उकरताना पाकळी फाटली की सगळं परत पहिल्यापासून.

आणि फूल सपाट चिकटवायचं नसतंच मुळी. पाकळ्या फोमवर ठेवून गोल टोकाच्या टूलनं मधोमध दाबल्या की त्या वाटीसारख्या वर उचलतात, मग थरावर थर लावायचे, मध्ये फोम टेप. माझ्याकडचे डाय बहुतेक गुलाब आणि डेझीचे, पण त्यातल्याच पाच पाकळ्यांच्या एका डायवर मी चाफा करते, आतून पिवळी शाई हलकेच फिरवून, आणि लोकांना तोच सगळ्यात जास्त आवडतो. परवा जुळे सोलापुरातल्या एका बाईंच्या रिटायरमेंटसाठी चाफ्याचं कार्ड करायला घेतलं, त्यांच्या शाळेतल्या सगळ्या सह्या आत येणार होत्या. टूल टेकवलं की पाकळीला भोक! एकीला नाही, दुसरीला नाही, सगळ्या पानालाच दम नाही. कशीबशी फुलं जमवली तर कार्ड उभंच राहीना, पुढच्या फुलांच्या वजनानं सगळं कमरेत वाकतंय. घडीचं तर विचारूच नका. बोन फोल्डरनं, म्हणजे घडी पाडायच्या बोथट पट्टीनं, आधी रेघ ओढून, कागदाच्या आतल्या तंतूंच्या दिशेनं, सगळं व्यवस्थित करूनसुद्धा घडीवर पांढरी चीर पडली, कारण गर्द हिरवा रंग नुसता वर चोपडलेला, आतून कागद पांढराच. हे तरी पाकिटावर लिहा!

मग मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. हिशोब सोपा आहे, सगळ्यांनी करून बघा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-फोरची १६ पानं मिळून एक चौरस मीटर होतं. म्हणजे ३००चा कागद असेल तर १० पानं साधारण १८७ ग्रॅम भरायला पाहिजेत. माझी भरली १३२! म्हणजे जेमतेम २१०चा कागद ३००च्या भावानं गळ्यात मारलाय. हाताला कळत नाही कारण कागद मुद्दाम फुगीर केलेला, बोटात धरला की जाड लागतो, वजनाला काही नाही.

दुकानात घेऊन गेले तर तो म्हणतो, "ताई, सोलापूरची हवा कोरडी की ओ, कागद वाळतोय, वजन कमी होणारच." अहो! कागदात पाणी असतंच कितीसं? अगदी कोरडाठाक केला तरी १०० ग्रॅममागे पाच-सात ग्रॅम जातील, ३० कुठं जातील? इथं मे महिन्यात ४२-४३ डिग्री होतं हे मला सांगू नका, मी याच गावात वाढले, ऊन्हाने कागद गुंडाळतो ते मला माहितीये, ऊन्हाने जीएसएम खाल्ला हे मी पहिल्यांदाच ऐकलं. वर मला लग्नपत्रिकेचा तो चकचकीत आर्ट कार्ड दाखवतोय, "हे घ्या की, लई चालतंय." लग्नपत्रिकेला चालत असेल, त्या गुळगुळीत थरावर माझी शाई पुसली जाते, पाकळी वाकवली की वरचा थर तडकतो. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये, शेवटी म्हणाला, "शाळेच्या प्रोजेक्टलाच नेतात सगळे, कुणी वजन करत नाही."

कुणी करत नाही म्हणून फसवायचं का? शाळेतल्या पोरांचे आईबाप पैसे देत नाहीत का? माझं एक कार्ड करायला अख्खी दुपार जाते, समोरचा माणूस ते जपून ठेवणार असतो, आणि तुम्ही पाकिटावरच्या एका आकड्यात सगळं मातीत घालता. पाकीट सीलबंद म्हणून आधी बघू द्यायचं नाही, आणि उघडलं म्हणून परत घ्यायचं नाही, मग गिऱ्हाईकानं करायचं काय? ऑनलाइनवाले तर त्याहून वरचढ, कागद नळीत गुंडाळून पाठवतात, तो सरळ करायला वजनाखाली ठेवा, आणि तक्रार केली की उत्तर येतं क्राफ्ट पेपरवर रिटर्न नाही.

२१०चा कागद वाईट नाही हो, लिफाफ्याला, आतल्या मजकुराच्या पानाला मी तोच वापरते. २१० लिहा, २१०चे पैसे घ्या, मी हसत घेऊन जाईन. पुण्याहून येणाऱ्या भावाला कागद आणायला सांगितलंय, आणि दुकानातच वजन करून घे म्हणून काट्याचा फोटोही मागितलाय. त्या बाईंचं कार्ड शनिवारच्या आत द्यायचंय, चाफा सगळा परत कापायला घ्यायचाय.