पुण्यात चालवता म्हणून सायगॉनमध्ये स्कूटर घेऊ नका

आज पुन्हा तेच रील. व्हिएतनाममधलं हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच सायगॉन, भाड्याची स्कूटर, मागे बायको, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही आणि वर फुशारकी, की पुण्यात चालवणाऱ्याला जगात कुठेही भीती नाही. खाली टाळ्याच टाळ्या. अरे, टाळ्या कसल्या वाजवता?

आधी लायसन्सचं बघू. आपल्या आरटीओतून मिळतं ते आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारातलं. व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं. म्हणजे ५० सीसीच्या वरच्या गाडीसाठी तुमचं ते पुस्तक इथे रद्दी. दुकानदार पासपोर्ट बघून चावी देतो, लायसन्स विचारत नाही, ही त्याची सोय झाली. अपघात झाल्यावर प्रवास विमावाले मात्र पहिलं तेच मागतात. हेल्मेट इथे २००७ च्या डिसेंबरपासून सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. आणि दारूची मर्यादा शून्य. 'एकच बिअर' वगैरे काही नाही.

आता त्या गर्दीबद्दल. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळा आनंदीआनंद आहे. जवळून बघा. दुचाकींचा लोंढा बेताच्या वेगाने सरकत असतो आणि कोणी अचानक काही करत नाही. प्रत्येकाची नजर पुढच्या दोन-तीन गाड्यांवर, मागच्याची काळजी मागचा घेतो. गल्लीतून येणारा मान वळवून बघत नाही, उजव्या कडेने घुसतो आणि हळूहळू आत सरकतो. हे गृहीतच धरायचं. आपण काय करतो? फट दिसली की ॲक्सिलरेटर पिळतो. त्या एका झटक्याने मागच्या दहा जणांचे अंदाज चुकतात.

आज सकाळी बेन थान्ह मार्केटसमोर नेमकं हेच बघितलं, फक्त पायी. आपल्याकडचेच एक काका, सोबत काकू. काका हात वर करून 'थांब रे' करत रस्त्यात उतरले. चार पावलं व्यवस्थित टाकली, मग घाबरले आणि काकूंचा हात ओढत मागे पळाले. भाजीच्या टोपल्या लादलेली एक बाई त्यांच्या पाठीमागून जायचं ठरवून आलेली. ते पुढे सरकणार हे धरूनच तिने हँडल वळवलं होतं. तिने करकचून ब्रेक दाबला, एक टोपली रस्त्यावर. आणि काका तिच्यावरच ओरडले, "ओ बाई, दिसत नाही का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रस्ता ओलांडायची रीत सोपी आहे. आधी डावीकडे बघा, कारण इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजवीकडेही बघा, कारण उलटा येणारा एखादा असतोच. बस किंवा कार येत असेल तर थांबा, ती तुम्हाला वळसा घालू शकत नाही. समोर नुसत्या दुचाकी उरल्या की उतरा आणि एका चालीने चालत राहा. पळायचं नाही, मध्ये थबकायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. हात कमरेखाली, तळवा गाड्यांकडे, एवढा इशारा पुरतो. तुम्ही पुढच्या सेकंदाला कुठे असाल हे ताडूनच ते जातात. काकांनी नेमकं तेच ताडणं अशक्य करून ठेवलं.

आणि फोन हातात धरून कडेला उभे राहू नका. मोटरसायकलवरून येऊन हिसकावतात.

चालवताना खरा घात करते ती अंगवळणी पडलेली सवय. आपला फ्री लेफ्ट डोक्यात पक्का, त्यामुळे इथे हात आपोआप फ्री राइट घेतो. नाही चालत! लाल दिव्याला उजवीकडे वळायचं तर तशी पाटी किंवा हिरवा बाण हवा. १ जानेवारी २०२५ पासून दुचाकीने सिग्नल तोडला की ४० ते ६० लाख डाँग दंड आहे, म्हणजे साधारण तेरा ते वीस हजार रुपये. फूटपाथवर गाडी घातली तरी तेवढाच. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि जिथे गोल नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला. घोड्यावरच्या पुतळ्याचा तो फू डोंगचा चौक आहे ना, सहा रस्त्यांचा, तिथे आपला माणूस उजवीकडे बघत आत शिरतो आणि डावीकडून लोंढा अंगावर येतो.

डावीकडे वळणं सगळ्यात कठीण, कारण समोरून येणारी रांग कापायची असते. इंडिकेटर लवकर द्या, चौकाच्या बऱ्याच आधीपासून थोडं थोडं डावीकडे सरका आणि वळणाऱ्या घोळक्याच्या डाव्या अंगाला राहा, म्हणजे समोरच्या गाड्या आधी त्यांच्यासाठी हळू होतात. एकट्याने शूरपणा नको.

बरं, मान्य, इथलेही संत नाहीत. दंड वाढला तरी संध्याकाळी फूटपाथवर चढणारे आहेत. आणि पुण्याच्या सरावाने समोरच्याचं पुढचं चाक वाचता येतं, तेवढं खरं. पण तेवढंच.

जाऊ दे. ओरडून काय होणार, काकाही बिचारे घाबरलेच होते. नंतर काकू टोपलीतली भाजी उचलायला वाकल्या आणि ती बाई हसली. आपल्याकडे एव्हाना गर्दी जमून आई-बहीण निघाली असती.

इतकं सांगूनही गाडी घेणारच असाल, आणि परवान्याची कायदेशीर सोय असेल, तर होंडा वेव्हपेक्षा ऑटोमॅटिक स्कूटर घ्या. वेव्हला क्लचचा लिव्हर नसतो, गिअर पायाने, पंजा दाबला की वर, टाच दाबली की खाली. गडबडीत डावा हात क्लच शोधत राहतो. निघण्याआधी दोन्ही ब्रेक, टायर, दिवे आणि डावा आरसा तपासा, डावा आरसा कायद्याने लागतो. हेल्मेट टोपीसारखं पातळ असेल तर दुसरं मागा. पावसाळा मे ते नोव्हेंबर. रेनकोटचा घोळ मागच्या चाकात जाऊ देऊ नका. पाणी साचलंय तिथे वेव्ह असेल तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये सोडायचा नाही.

आणि आई-वडील सोबत असतील तर सरळ ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, बोलवा. नाहीतर मेट्रो आहे, डिसेंबर २०२४ पासून चालू, बेन थान्ह ते सुओई तिएन, १४ स्टेशनं. बेन थान्हचं स्टेशन जमिनीखाली आहे, मार्केटसमोरच.