अँटेनापेक्षा केबलकडे आधी बघा
बोटीवर लांबचं वायफाय पकडायला डोलकाठीवर १२ डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप) अँटेना लावा आणि केबल खाली केबिनमधल्या राउटरपर्यंत आणा, असं एका लेखात सुचवलंय. कळकळीने सांगतो, असं करू नका.

आरजी-५८ सारख्या पातळ कोअ‍ॅक्सिअल (टीव्हीच्या केबलसारख्या) केबलमध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल सिग्नल जातो. १० डेसिबल गेले की सिग्नल दहापट घटतो, म्हणजे १० मीटर खाली येईपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरतो! महागड्या अँटेनाने कमावलेलं बहुतेक सगळं केबलनेच खाल्लं. त्यापेक्षा रेडिओच (वायफायचे सिग्नल पाठवणारं-पकडणारं यंत्र) वर, अँटेनाला लागून बसवा आणि खाली फक्त इथरनेट केबल आणा. रेडिओला वीजही त्याच केबलमधून देता येते. वरची जोडणी मात्र नीट सीलबंद करा, खारी हवा तांब्याला सोडत नाही.

दुसरं, १२ डीबीआयच्या चौफेर (सगळ्या दिशांना सिग्नल टाकणाऱ्या) अँटेनाचा उभा झोत, म्हणजे सिग्नलचा वर-खाली पसारा, जेमतेम ६-७ अंशांचा असतो. नांगरलेली बोट लाटांवर डुलली की तो कधी पाण्यात, कधी आभाळात. मला ५-६ डीबीआयचाच बरा वाटतो, कारण त्याचा झोत रुंद असतो. आणि किनाऱ्यावरच्या राउटरलाही तुमचा आवाज, म्हणजे तुमच्याकडून जाणारा सिग्नल, ऐकू यायला हवा. नुसत्या सिग्नलच्या दांड्या भरून दिसल्या म्हणून नेट चालतंच असं नाही.