‘श्रवणयंत्राला रंग कळतो का?’ विचारणाऱ्यांना

ग्रुपवर चौथ्यांदा फिरून आलेला मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वाचा-श्रवणतज्ज्ञांनी (बोलण्या-ऐकण्याच्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्यांनी) 1978 साली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली. मूळ संघटना सगळ्यांना खुली होती, म्हणजे हा निव्वळ फुटीरपणा. शिवाय ही मंडळी ‘अशुद्ध’ इंग्रजीची भलामण करतात. आणि शेवटी, श्रवणयंत्राला रंग कळतो का?

साल बरोबर आहे. बाकीचं बघू.

फुटीरपणा म्हणाल, तर मूळ संघटना ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) 1925 सालची. तिच्या 1968 च्या डेन्व्हर अधिवेशनात कृष्णवर्णीय सदस्यांनी आपला गट उभा केला, तो संघटनेत राहूनच. वेगळी संघटना त्यानंतर दहा वर्षांनी आली. फुटायचंच असतं तर एवढा दम कोण धरतं? आणि त्या खुल्या दारातून आत आलेले किती? आशाच्या सदस्यांत कृष्णवर्णीय आजही 5 टक्क्यांहून कमी आहेत.

‘अशुद्ध’ हा शब्द मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण सगळं भांडण तिथेच होतं. कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘ही बी वर्किंग’ (He be working) म्हणजे तो एरवी कामाला असतो; ‘ही वर्किंग’ (He working) म्हणजे आत्ता काम करतोय. यात गबाळेपणा नाही, व्याकरण आहे. पण भाषेच्या चाचण्या बेतलेल्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या बोलण्यावर. त्यात कृष्णवर्णीय मुलांचे गुण कापले जायचे आणि धडधाकट पोरांवर ‘दोष’ असल्याचा शिक्का बसायचा. आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मास्तर हसतात; त्याला उपचाराला बसवलं तर कसं वाटेल? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहरात अशाच मुलांचं प्रकरण कोर्टात गेलं. 1979 मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की वाचन शिकवताना शाळांनी मुलांची घरची बोली लक्षात घ्यावी. आणि गंमत बघा, ज्या आशाचा हा मजकूर कैवार घेतो, तिनेच 1983 मध्ये जाहीर केलं की इंग्रजीची कुठलीही बोली हा विकार नाही.

राहिलं श्रवणयंत्र. त्याला रंग कळत नाही, कबूल. पण श्रवणचाचणीत शब्द ऐकवून पेशंटकडून परत म्हणवून घेतात. ‘बाथ’ नीट ऐकून एखाद्या मुलाने आपल्या बोलीत ‘बाफ’ म्हटलं, तर चूक कानाची की जिभेच्या सवयीची, हे यंत्र सांगत नाही. समोर बसलेल्या माणसाला ते ठाऊक असावं लागतं.