‘कळवतो’ म्हणजे नक्की कधी?

नोकरीच्या मुलाखतीतला सातवा नकार. पण याला नकार तरी कसं म्हणायचं? चार फेऱ्या झाल्या, एचआर म्हणाली, “दोन दिवसांत कळवते,” आणि मग फोन उचलणंच बंद! अहो, ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो?

कोथरूडहून दोन बस बदलून खराडी गाठायची, तासभर रिसेप्शनवर ताटकळायचं, आणि आत विचारणार काय, तर बायनरी ट्री (डेटा फांद्यांसारखा मांडायची रचना) उलटा करून दाखवा. चार वर्षं मी वेबसाइटचे फॉर्म, टेबलं आणि सफारी ब्राउझरमध्ये मोडणारे लेआउट यांच्याशी झगडले. त्यातलं अक्षरही विचारत नाहीत. एकांनी घरी करायला डॅशबोर्ड दिला. शनिवार-रविवार जागून केला. माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालेल असा. टॅब दाबला की प्रत्येक बटणाभोवती फोकसची चौकट दिसेल असा. डेमोची लिंक कुणी उघडलीसुद्धा नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं ना मला! दुसऱ्यांना रिअ‍ॅक्ट या वेबपेजं बनवायच्या लायब्ररीतल्या हूक्स नावाच्या सोयीचा दहा वर्षांचा अनुभव हवा. हूक्स आले २०१९ मध्ये. कुठून आणू दहा वर्षं?

आई दारातच विचारते, “काय गं, काय म्हणाले?” काय सांगू तिला? कुठे चुकलं ते एका ओळीत लिहून पाठवा. एवढंही जमत नाही?