दोघे आयोजित

इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातम्या रातोरात मराठीत आणून पोट भरणाऱ्या माणसाला अवघड शब्द छळत नाहीत. त्यांच्यासाठी कोश असतो. छळतो तो 'हेल्ड'. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. हा शब्द मात्र चोवीस तास चालू.

'टू हेल्ड' म्हणजे दोघांना अटक. सरळ 'अरेस्टेड' लिहायला काय होतं? होतं. इंग्रजीत त्याची आठ अक्षरं, एका कॉलमच्या मथळ्यात मावत नाहीत. मग मथळेवाल्यांनी जगातले सगळे संशयित चार अक्षरांच्या कोठडीत कोंबले.

आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा संगणकाकडून भाषांतर करून घेतो. परवा त्याने पाठवलेला मथळा होता, 'गांजासह दोघे आयोजित'. मुख्य उपसंपादकांनी चष्मा वर केला. "कुठं बे? हुतात्मा स्मृती मंदिरात? पास हाय का?" पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, मीटिंग हेल्डला तेच चालतंय की." चालतं, हेच तर दुखणं आहे. बैठक, निवडणूक, परीक्षा सगळ्या हेल्डच. शिवाय क्रीडापानावर 'इंडिया हेल्ड' आलं, तर अकरा जणांना अटक झालेली नसते. सामना बरोबरीत सुटलेला असतो.

खरी कसोटी कोर्टाच्या बातमीत. न्यायमूर्ती सुनावणीत सहज काही बोलले तर 'ऑब्झर्व्ह्ड', निकालात ठरवलं तर 'हेल्ड'. पहिला शेरा, दुसरा निर्वाळा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं 'हेल्ड' केलं. आमच्या पोराच्या संगणकाने त्या नऊ जणांकडून खासगीपणा आयोजित करून घेतला असता. आणि कोर्ट नि पोलीस एकाच वाक्यात आले की बघायलाच नको: 'द कोर्ट हेल्ड दॅट द मॅन, हेल्ड सिन्स मे, वॉज इलीगली हेल्ड.' मराठीत त्यातला एक निर्वाळा होतो, एक कोठडी आणि एक डांबून ठेवणं. एवढं उलगडेस्तोवर डाक आवृत्तीची वेळ होते, आणि खालून छपाईवाल्यांचा फोन येतो.

रिझर्व्ह बँक रेपो दर 'होल्ड' करते, तेव्हा आम्ही 'जैसे थे' लिहून मोकळे होतो.

तसं आपलं 'धरणे'ही काही साधं नाही. जबाबदार धरणे, वेठीस धरणे, तग धरणे, या तीन ठिकाणी ते इंग्रजीच्या खांद्याला खांदा लावून चालतं, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण इंग्रजी दैनिकातल्या एखाद्या उपसंपादकाला कधीतरी उजनीवर पाठवा आणि एवढंच वाक्य द्या: 'धरणग्रस्तांनी धरणावर धरणे धरले.' तो तिथेच भीमेच्या काठी बसून राहील. मला त्याची अजिबात दया येणार नाही.

काल पान जवळजवळ लागलं होतं. पहिल्या पानावर दोन कॉलमची बातमी, तिच्यातले सगळे हेल्ड मी एकेक करून मार्गी लावले होते. तेवढ्यात साहेबांचा फोन. "ती बातमी होल्डवर ठेवा." हा आणखी एक अर्थ: छापायची नाही, फेकायचीही नाही, आणि का ते विचारायचं नाही. आता रात्री पावणेबाराला दोन कॉलम भरायचे कशाने? जाहिरात विभागाकडे शेंगाचटणीची एक जाहिरात पडून होती. ती लावली. चपखल बसली. मी सवयीने एकदा वाचून पाहिली; तिच्यात क्रियापदच नव्हतं.