अभ्र्यावरचा मोर

निफाडचा पारा किती, हे कळल्याशिवाय डिसेंबरात नाशिककराच्या घशाखाली चहा उतरत नाही. त्या दिवशी तो 8 अंशांवर होता आणि मी, वय वर्षं बावन्न, तिवंध्याजवळच्या एका गच्चीवर कानटोपी घालून प्रोजेक्टरची राखण करत होतो.

प्रोजेक्टर भाच्याचा. म्हणजे त्यानं भाड्यानं आणलेला. भाचा मुंबईत लाइट आर्टिस्ट आहे. ताई विचारणाऱ्यांना "लाइटचं काम करतो" एवढंच सांगते, त्यामुळे घरी आला की शेजारीपाजारी त्याच्याकडून ट्यूब बदलून घेतात. त्याला माझ्या आत्याच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशचित्रं टाकायची होती. फ्रान्समध्ये 1952 साली शाम्बोरच्या राजवाड्यावर प्रकाश-ध्वनीचा खेळ झाला, लियॉनमध्ये दर डिसेंबरात शहरभर रोषणाई होते, असं बरंच त्यानं ऐकवलं. आत्या म्हणाली, "आम्ही त्रिपुरीला गोदेवर पणत्या सोडतो. वायर लागत नाही."

माझ्या वाट्याला अंधार आला. "मामा, तेवढं गल्लीत दिवे बंद करायला सांग." अंधार फुकट मिळतो अशी माझी समजूत होती. एका घरी मालिकेत लग्न लागत होतं. एकाकडे मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. फरसाणवाल्यानं ट्यूब बंद केली, पण दुकानावरची लाल-हिरवी चालू-बंद माळ तशीच ठेवली. "ती देवाची आहे," म्हणाला. देव म्हटल्यावर मी काय बोलणार? दोन घरी चहा, एका घरी चहा आणि चिवडा, शेवटच्या घरी माझ्या मधुमेहाची चौकशी, एवढं केल्यावर गल्लीत साधारण संध्याकाळ झाल्यासारखं वाटू लागलं.

सात वाजता खेळ सुरू झाला. भाच्यानं वाड्याची खिडकी न् खिडकी मोजून चित्र बेतलं होतं. खांबांवरून वेली चढणार, सज्ज्यावर मोर पिसारा फुलवणार. पण गच्चीवर पोरं धावली की प्रोजेक्टर हलायचा आणि वेल खांब सोडून मोरीच्या पाइपावर चढायची.

खरा घात दगडानं केला. नाशिकचा जुना दगड काळा. घाटावरच्या देवळांना शोभतो, पण प्रकाश गिळतो. वरची वीट धुरानं तांबूस-काळी, सागवान त्याहून काळं. त्यात पूर्ण वाडा चित्रात मावावा म्हणून आम्ही मागच्या गच्चीवर सरकलो होतो. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, हे दहावीत पाठ केलं होतं. कळलं त्या गच्चीवर. दहा हजार ल्युमेनचा मोर वाड्यावर ओल्या डागासारखा दिसत होता. मोराचा काळा डोळा तर दिसणारच नव्हता, कारण प्रोजेक्टरचा काळा म्हणजे प्रकाशच नाही.

एवढ्यात खाली टाळ्या पडल्या. सज्ज्याच्या कठड्यावर आत्यानं रजईचा पांढरा अभ्रा वाळत घातला होता. त्यावर मोराची मान लख्ख उमटली होती, निळीजांभळी, जिवंत. बाकीचा मोर कुठे आहे याची कुणाला फिकीर नव्हती.

हाच अभ्रा काढावा म्हणून भाचा दुपारपासून आत्याच्या विनवण्या करत होता. "दमट आहे, थंडीत वाळतो का लवकर?" म्हणून तिनं हात लावू दिला नव्हता. आता तो जिना उतरून धावत तिच्याकडे गेला. "आजी, अजून आहेत?"

आत्यानं ट्रंक उघडली. मग शेजारच्या काकूंनी दोन पलंगपोस दिले, फरसाणवाल्यानं मालावर झाकायचा पांढरा कपडा दिला, कुणी आजोबांचं धोतर आणलं. पाऊण तासात वाडा जोत्यापासून कौलांपर्यंत झाकला गेला आणि मोर नखशिखांत नाचला. वाडा कुठे दिसेना, पण लोक म्हणाले, काय देखणा वाडा आहे!

रात्री साडेअकराला पांघरूण शोधायला लागलो. "तुमचीच चादर पिसाऱ्याला लावली ना," बायको कूस वळवत म्हणाली. मी स्वेटरवर स्वेटर घालून पायाशी उशी घेतली.