नाकाताच्या आधी ओकुदेरा होता हो!

व्हॉट्सॲपवर ते जपानी फुटबॉलचं फॉरवर्ड परत फिरतंय. जपानला १९९३ पर्यंत फुटबॉल माहीतच नव्हता म्हणे, मग ब्राझीलच्या स्टार झिकोला आणलं, एका रात्रीत प्रोफेशनल लीग उभी केली आणि १९९८ ला नाकाता इटलीच्या पेरुजा क्लबला गेला तेव्हा युरोपने पहिला जपानी प्लेयर बघितला. ऐकायला झकास आहे, पण प्रत्येक वाक्यात घोळ.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे सगळ्यात मोठी थाप आहे. यासुहिको ओकुदेरा. फुरुकावा इलेक्ट्रिक नावाच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता आणि कंपनीच्याच टीमकडून खेळायचा. १९७७ ला जर्मनीतल्या कोलोन क्लबचा कोच वाइसवाइलरने त्याला ट्रेनिंगमध्ये बघितलं आणि उचललंच. पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही! लीगच्या शेवटच्या दिवशी, टायटलसाठी झुंजणाऱ्या ग्लाडबाखने डॉर्टमुंडला १२-० धुतलं, पॉइंट्स सारखे, पण कोलोनने सेंट पाउलीला ५-० हरवलं आणि गोल डिफरन्स फक्त ३ ने जास्त राहिला, त्या पाचातले दोन गोल ओकुदेराचे. पुढच्या वर्षी युरोपियन कपची सेमीफायनल, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३-२ ने पुढे, हा सब्स्टिट्यूट म्हणून आला आणि त्यांचा गोलकीपर शिल्टनच्या अंगाखालून बॉल आत, ३-३. (सेमीफायनलची दुसरी मॅच फॉरेस्टने जिंकली, तो भाग वेगळा.) नंतर जर्मनीतच मध्ये थोडे दिवस हेर्था क्लब आणि मग ब्रेमेन, तिथे कोच रेहागेलने त्याला लेफ्ट बॅक केलं. बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या टॉप लीगमध्ये, एकूण २३४ मॅचेस. नाकाता तेव्हा शाळेत!

आता "फुटबॉल माहीत नव्हता". १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ कुणी घेतलं मग? कामामोतो ७ गोल मारून टॉप स्कोरर होता. लीग १९६५ पासून होती, ८ टीम्स, हिताची, मित्सुबिशी वगैरे कंपन्यांच्या, आपल्याकडे रेल्वे आणि एअर इंडियाच्या टीम असायच्या ना, साधारण तसंच.

"एका रात्रीत" तर नाहीच नाही. १९८५ ला वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये दक्षिण कोरियाने हरवलं, त्यांच्याकडे १९८३ पासून प्रो लीग होती, ते जपानला झोंबलं. १९८६ ला ओकुदेरा जपानला परत आला तेव्हा तिथल्या फुटबॉल असोसिएशनला प्रश्नच पडला असणार, ९ वर्षं पगारी प्रो असलेल्या माणसाला हौशी कसं म्हणायचं? मग खास लायसन्स काढलं आणि तो आणि निस्सानचा किमुरा हे पहिले अधिकृत प्रो झाले. बाकी बरेच जण कंपनीच्या पगारावरच. त्याच फुरुकावाने लगेच आशियाई क्लब चॅम्पियनशिप मारली. हे सगळं जे-लीगच्या, म्हणजे १९९३ च्या त्या प्रोफेशनल लीगच्या, ६-७ वर्षं आधीचं.

झिकोचं श्रेय आहेच, कोण नाही म्हणतंय. पण तो १९९१ ला आला, तेही सेकंड डिव्हिजनमधल्या सुमितोमो मेटल्सकडे, आणि ओकुदेरा तेव्हा रिटायर होऊन ३ वर्षं झाली होती.